आधी शेजाऱ्याला विचारा

दहा डॉलरमध्ये लॅपटॉप मिळणार, ही बातमी २००९ च्या फेब्रुवारीत देशभर पसरली होती. तिरुपतीच्या श्री वेंकटेश्वर विद्यापीठात तो पहिल्यांदा दाखवला जायचा होता. प्रत्यक्षात समोर आली ती माहिती साठवायची एक छोटी पेटी. हसं झालं, पण कल्पना मागे पडली नाही. त्याच वर्षी केंद्र सरकारने उच्च शिक्षणासाठी माहिती तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं आणि त्यासाठी सुमारे ४,६०० कोटी रुपयांचा आराखडा केला. बेत तिहेरी होता. विद्यापीठं आणि महाविद्यालयं वेगवान इंटरनेटने जोडायची, उत्तम शिक्षकांचे तास चित्रित करून सगळ्यांना खुले करायचे आणि ते पाहायला विद्यार्थ्याच्या हातात परवडेल असं यंत्र द्यायचं. यातला तिसरा भाग सगळ्यांच्या लक्षात राहिला. पहिल्या दोन्हींबद्दल आज महाविद्यालयातल्या मुलांना विचारलं तर बहुतेकांना ते कधी झालं हेही सांगता येत नाही, जरी त्यातूनच वाढलेली एनपीटीईएलची व्याख्यानं ती मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री पाहत असतात.

ते यंत्र म्हणजे ‘आकाश’. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत त्याचं अनावरण केलं. डेटाविंड या कंपनीने ते बनवलं होतं, पहिली मागणी १ लाखाची होती आणि सरकारला एक टॅब साधारण ५० डॉलरला पडत होता. अनुदान धरून विद्यार्थ्याला तो ३५ डॉलरला किंवा त्याहूनही स्वस्त मिळावा, आणि पुढे किंमत १० डॉलरपर्यंत उतरावी, अशी अपेक्षा बोलून दाखवली गेली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी छापली. जगातला सर्वांत स्वस्त टॅबलेट भारत आपल्या विद्यार्थ्यांना देणार, याचा अभिमान खरा होता आणि मला तो आजही चुकीचा वाटत नाही. एखाद्या देशाने आपल्या मुलांसाठी असं काही मनात आणणं, हीच मोठी गोष्ट आहे.

पण तो टॅब हातात घेतलेल्यांना पहिल्या पाच मिनिटांतच कळायचं की हे जड जाणार. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम. पडदा रेझिस्टिव्ह जातीचा. अशा पडद्यात दोन पातळ थर असतात आणि त्यांच्यामध्ये बारीकशी फट. वरचा थर दाबून खालच्याला टेकला की स्पर्शाची जागा यंत्राला कळते. त्यामुळे बोट हलकं फिरवून काही होत नसे. नखाने किंवा काडीने दाबावं लागे. पान सरकवायला गेलं की भलतीच खूण उमटे. बॅटरी जेमतेम दोन-तीन तास. आणि त्या काळच्या अँड्रॉइडवर देवनागरी धड दिसत नसे, जोडाक्षरं फुटलेली उमटत. ज्या मुलाला मराठीतून टिपण वाचायचं होतं त्याच्यासाठी तो टॅब मुळात मुकाच होता.

पुढे प्रकल्प सांभाळणारी आयआयटी राजस्थान आणि कंपनी यांच्यात चाचणीच्या निकषांवरून वाद झाला. टॅबने किती उंचीवरून पडल्यावर टिकावं, पाऊस-धूळ किती सोसावी, यावर दोघांचं जमेना. २०१२ साली प्रकल्प पवईत, आयआयटी मुंबईकडे आला, प्रा. दीपक फाटक यांच्या हाती. इथे या गोष्टीला वेगळं वळण लागतं, आणि दुर्दैवाने त्याच वळणावर लोकांचं लक्ष उडालं.

‘आकाश २’ ११ नोव्हेंबर २०१२ रोजी, मौलाना आझादांच्या जयंतीला, राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आला. किंमत २,२६३ रुपये, प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा, रॅम ५१२ एमबी, पडदा बोटाच्या हलक्या स्पर्शाने चालणारा. यंत्र सुधारलं होतं. त्याहून महत्त्वाचं काम पवईत चाललं होतं ते शिक्षकांसोबत. आयआयटी मुंबईची दहा हजार शिक्षकांच्या प्रशिक्षणाची योजना आधीपासून सुरू होती. देशभरातल्या दोनशेहून अधिक अभियांत्रिकी महाविद्यालयांत केंद्रं, पवईतून थेट प्रक्षेपण, आणि प्रत्येक केंद्रात जमलेले त्या भागातले प्राध्यापक. त्याच जाळ्यातून हजारो शिक्षकांना ‘आकाश’ वर्गात कसा वापरायचा हे दाखवलं गेलं. टॅबवर सी, पायथन आणि सायलॅब चालवता येतील अशी प्रयोगशाळा बसवली गेली. वर्गात प्रश्न टाकून सगळ्यांची उत्तरं एका क्षणात गोळा करणारं ‘क्लिकर’ नावाचं ॲप लिहिलं गेलं.

तोवर बातमीचा सूर बदलला होता. सुटे भाग चीनमधून आले का, मुदत पाळली का, पैसे गेले कुठे. ते प्रश्न विचारायलाच हवे होते. २०१३ मध्ये नवे मंत्री पल्लम राजू यांनी यंत्राच्या मागे किती लागायचं, विद्यार्थी सक्षम कसा होईल ते बघू, अशा अर्थाचं विधान केलं आणि हळूहळू ‘आकाश’ विस्मृतीत गेला. पुढच्या आवृत्तीचे निकष ठरले, पण ती काही मुलांच्या हाती आली नाही. देशाने या प्रकरणातून धडा घेतला तो एवढाच की स्वस्त टॅब रडका निघाला. क्लिकरचा विषय कुणी पुन्हा काढलाच नाही. मला त्याच विषयी बोलायचं आहे.

क्लिकर म्हणजे काय, हे समजायला थोडं मागे, हार्वर्डला जावं लागतं. एरिक मझूर तिथे भौतिकशास्त्र शिकवत. मुलं त्यांना चांगले गुण देत, परीक्षेत आकडेमोड करत, सगळं छान. १९९० च्या सुमारास त्यांनी मुलांना न्यूटनच्या नियमांवर अगदी साधे, आकडे नसलेले प्रश्न घातले. जड ट्रक आणि हलकी मोटार धडकली तर कुणावर जास्त बल लागतं, अशा जातीचे. एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तर तुम्ही शिकवलं तसं देऊ, की मला वाटतं तसं? मझूर हादरले. मुलांनी सूत्रं पाठ केली होती; मनातलं जग जसंच्या तसं राहिलं होतं. त्यांनी पुन्हा पुन्हा समजावून पाहिलं, उपयोग होईना. शेवटी म्हणाले, एकमेकांना समजावा. वर्गात एकच कल्लोळ उठला आणि काही मिनिटांत बरीच मुलं योग्य उत्तरावर आली.

पुढे या पद्धतीला आकार आला. शिक्षक संकल्पनेवरचा एक प्रश्न टाकतो. प्रत्येक जण आधी एकट्याने उत्तर नोंदवतो. मग दोन-तीन मिनिटं शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर नोंदवायचं. दुसऱ्या फेरीत बरोबर उत्तरं जवळजवळ नेहमीच वाढतात. शंका अशी होती की हुशार मुलाचं बघून बाकीचे लिहीत असतील. कोलोराडो विद्यापीठात जनुकशास्त्राच्या वर्गात ही शंका तपासली गेली आणि २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष आले. चर्चेनंतर मुलांना तीच संकल्पना असलेला दुसरा, नवा प्रश्न एकट्याने सोडवायला दिला. तोही त्यांना जमला. इतकंच नव्हे, ज्या गटात सुरुवातीला कुणालाच बरोबर उत्तर येत नव्हतं तिथेही बोलण्यातून सुधारणा दिसली. म्हणजे नक्कल नव्हे, बोलता बोलता उलगडा होत होता.

मला महाराष्ट्रातला वर्ग डोळ्यांपुढे येतो तो इथे. अभियांत्रिकीचं पहिलं वर्ष. बाकांवर साठ-सत्तर मुलं, त्यांतली निम्मी मराठी माध्यमातून आलेली. फळ्यावर इंग्रजी, पुस्तक इंग्रजी, सरांचं बोलणं इंग्रजी-मराठीची सरमिसळ. मुलगा काहीच विचारत नाही, कारण प्रश्न इंग्रजीत मांडायचा म्हणजे आधीच घाम. त्याला सांगितलं की आता शेजाऱ्याला विचार, तर तो लगेच मराठीत सुरू होतो: अरे, ट्रक जड आहे ना, मग बल जास्तच लागणार की. शेजारी म्हणतो, बल नाही रे, त्वरण कमी-जास्त होतं, वस्तुमान बघ. ही दोन वाक्यं त्या वर्गात एरवी कुणाच्याच तोंडून आली नसती. २०२१ पासून मराठीतून बी.टेक. शिकवायला परवानगी मिळाली आणि पुण्यात संगणक अभियांत्रिकीची मराठी तुकडी सुरूही झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण इंग्रजी माध्यमाच्या तुकडीतली ती दोन मिनिटंही मराठीतूनच जातात, आणि ती मिळवायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता खरा अडचणीचा प्रश्न. यासाठी टॅब लागतो का? नाथॅनिएल लॅसरी या भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने कॅनडात हेच तपासलं होतं. एका तुकडीला क्लिकर, म्हणजे बटण दाबून उत्तर नोंदवायची छोटी यंत्रं दिली, दुसरीला अ, ब, क, ड लिहिलेले पुठ्ठे. पद्धत तीच. शिकण्यात फरक पडला नाही. पुठ्ठ्याने तेच काम केलं. टॅबच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष आधी पचवायला हवा. पुठ्ठ्याने जे होतं त्यासाठी सरकारने एका मुलामागे हजारो रुपये खर्च करू नयेत. टॅब घ्यायचाच तर जे पुठ्ठ्याने होत नाही त्यासाठी घ्यावा.

आणि असं बरंच आहे. पुठ्ठ्यावर चारच पर्याय. त्यावर आकृती काढता येत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठात रिचर्ड अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनने लिहिता येणाऱ्या टॅबलेट पीसीवर एक प्रणाली बांधली होती. शिक्षक प्रश्न पाठवतो, मुलं आपापल्या पडद्यावर उत्तर रेखाटून परत पाठवतात, आणि शिक्षक त्यांतली तीन-चार निवडून नाव न सांगता सर्वांपुढे दाखवतो. वस्तूवरची बलं बाणांनी दाखवणारी मुक्त-पिंड आकृती काढताना बरीच मुलं घर्षणाचा बाण उलटा दाखवतात. ती उलटी आकृती पडद्यावर आली की वर्गात हसण्याऐवजी कुजबुज सुरू होते, कारण ती कुणाची हे कुणाला माहीत नसतं आणि अनेकांना ती आपली वाटते. नाव झाकलेलं असणं, यात फार मोठं बळ आहे. मागच्या बाकावरची, हात वर न करणारी मुलगी तिथे वर्गात येते. यासाठी टॅब लागतो.

पण तसा टॅब हवा. स्वस्त टॅबला बहुधा नुसता बोटाचा पडदा असतो. रबरी टोकाच्या जाड पेनाने त्यावर समाकलनाचं चिन्ह काढून बघा. तळहात टेकला की रेघ भलतीकडे जाते. गणित, रसायन, यंत्रशास्त्र, स्थापत्यशास्त्र, यांतल्या कुणालाच तो उपयोगी नाही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाने २०१८ पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आयपॅड प्रो द्यायला सुरुवात केली तेव्हा सोबत पेन्सिल आणि कीबोर्डही दिला. तेवढा खर्च आपल्याला झेपणारा नाही. पण मग सरळ अर्धे टॅब घ्यावेत, पेनासकट, आणि दोघांत एक द्यावा. माझ्या मते हे तडजोडीचं नाही, उलट जास्त चांगलं आहे.

एका तालुक्याच्या गावातल्या अभ्यासिकेत मी हे पाहिलं. एका सरकारी योजनेतून मिळालेला टॅब होता, कोपऱ्यातून काचेला तडा गेलेला, वर चिकटपट्टी. तिघी जणी त्याभोवती. एकीच्या मोबाइलचा हॉटस्पॉट, दुसरीचा टॅब, तिसरीची वही. व्हिडिओ दर मिनिटाला थांबायचा, कारण तिसरी म्हणायची, थांब गं, हे पुन्हा लाव. तिच्या वहीत डाव्या पानावर व्हिडिओतलं गणित होतं आणि उजव्या पानावर तेच गणित तिघींनी आपल्या पद्धतीने सोडवलेलं, खाडाखोडीसकट. शेजारच्या टेबलावर एक मुलगा कानात इयरफोन घालून दुप्पट वेगाने तेच व्याख्यान ऐकत होता. चाळीस मिनिटांत त्याचं ऐंशी मिनिटांचं ऐकून झालं आणि वही कोरी. मला त्याला दोष द्यायचा नाही. त्याला कुणी सोबत दिली नव्हती.

आयआयटी मुंबईच्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने नुसतं बघून शिकणं होत नाही, ही गोष्ट फार आधी ओळखली होती. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या या प्रकल्पात सॉफ्टवेअर शिकवणारे सुमारे दहा मिनिटांचे पाठ आहेत, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. त्यांची पहिली सूचना असते की पडद्याच्या एका बाजूला पाठ ठेवा, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर, आणि बघत बघत करा. सात इंची पडद्यावर या दोन खिडक्या मावत नाहीत. दोन जोड्यांचे दोन टॅब शेजारी ठेवले की मावतात.

वाचनाचा भाग मात्र थोडक्यात उरकतो, कारण तिथे टॅबची बाजू लंगडी आहे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने काही तुकड्यांना किंडल डीएक्स हे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र दिलं. छपाई निम्म्याहून कमी झाली, पण मुलांची तक्रार होती की समासात लिहिता येत नाही, खुणा करून मागे जाता येत नाही. २०१८ मध्ये स्पॅनिश आणि इस्रायली संशोधकांनी ५४ अभ्यास आणि १ लाख ७० हजारांहून अधिक वाचक एकत्र करून पाहिले. माहितीपर मजकूर कागदावर जास्त समजतो, आणि वेळेचं दडपण असलं की फरक वाढतो. तेव्हा टॅब दिला म्हणून ग्रंथालयाची खरेदी थांबवणं ही मोठी चूक ठरेल. टॅब पुस्तकाच्या जागी नको, पुस्तकाशेजारी हवा.

किंडलच्या त्याच प्रयोगात ॲरिझोना स्टेट विद्यापीठही होतं आणि तिथे एक वेगळीच गोष्ट झाली. यंत्र पुस्तक वाचून दाखवू शकत होतं, पण त्याचे मेन्यू बोलत नव्हते. अंध विद्यार्थ्याला पुस्तक उघडताच येत नव्हतं. तिथल्या अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने विद्यापीठाला न्यायालयात खेचलं आणि २०१० च्या जानेवारीत तडजोड झाली. आपल्याकडे आज अँड्रॉइडवर मराठी वाचून दाखवणारा आवाज आहे, ही फार चांगली गोष्ट आहे. पण आपली टिपणं? झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या हस्तलिखित वह्यांचे फोटो, तिरपे, काळपट, पीडीएफ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणारे. यंत्राच्या लेखी ते नुसतं चित्र आहे. जिथे टॅब वाटले जातात तिथे टिपणं युनिकोड मराठीत टाइप होत असतील तरच अंध मुलाला त्या टॅबचा काही अर्थ आहे.

आणि हे सगळं करणार कोण? इथे बोलणं महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांच्या सर्वांत दुखऱ्या जागी येतं. अनुदानित महाविद्यालयांत कित्येक पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत आणि तास चालतात ते सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर नेमलेल्या प्राध्यापकांवर. नेट-सेट, पीएच.डी. झालेली ही माणसं सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या गावात शिकवतात आणि मानधन मिळतं ते घेतलेल्या तासांचं. संकल्पनेवरचा एक चांगला प्रश्न तयार करायला संध्याकाळ जाते. चुकीचे पर्यायही असे हवेत की त्यांतून मुलाची समजूत उघडी पडावी. त्या संध्याकाळचे पैसे कोणत्याही योजनेत धरलेले नसतात. टॅबच्या निविदेत रॅम किती, बॅटरी किती एमएएच, हमी किती वर्षांची, हे सगळं असतं. शिक्षकाच्या तासांचा रकाना नसतो. मला यात अन्याय दिसतो आणि मूर्खपणाही, कारण त्या रकान्यावाचून बाकीचा खर्च वाया जातो.

खर्चाच्या बाबतीत दुसरी एक गोष्ट नेहमी राहून जाते, ती म्हणजे दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी समारंभ, फोटो, डब्यावर छापलेली चित्रं. दुसऱ्या वर्षी चार्जिंगची जागा सैल होते, बॅटरी निम्म्यावर येते, अँड्रॉइडची नवी आवृत्ती यंत्राला पेलत नाही आणि महाविद्यालयाचं ॲप उघडत नाही. सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणी. मुलाला एक दिवस आणि एसटीचं भाडं घालवून तिथे जावं लागतं. त्यापेक्षा शेकडा पाच टॅब महाविद्यालयातच जादा ठेवावेत आणि संगणक विभागातल्या मुलांनाच काच आणि बॅटरी बदलायला शिकवावं. आयटीआयमध्ये मोबाइल दुरुस्तीचे छोटे अभ्यासक्रम चालतात. एका तालुक्यात महाविद्यालय आणि आयटीआय यांनी एकत्र बसायला काय हरकत आहे?

इंटरनेटचं तर सगळ्यांना माहीत आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीत देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी संगणक होता अवघ्या ४.४ टक्क्यांकडे आणि इंटरनेटची सोय होती १४.९ टक्क्यांकडे. त्यानंतर स्वस्त डेटा गावोगाव पोहोचला, पण करोनात सिंधुदुर्गापासून गडचिरोलीपर्यंत मुलं रेंज शोधत टेकड्या चढली, हे आपण पाहिलं. वर्गातल्या टॅबला मात्र बाहेरचं इंटरनेट लागतच नाही. वर्गात एक राउटर आणि शिक्षकाचा एक जुना लॅपटॉप असला तरी प्रश्न पाठवणं, आकृत्या गोळा करणं, पाठ उतरवून घेणं, सगळं आतल्या आत होतं. या साध्या सोयीची चर्चा मी एकाही वाटप समारंभात ऐकलेली नाही.

आज परिस्थिती ‘आकाश’च्या दिवसांसारखी नाही. नागपूरची ‘महाज्योती’ इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी टॅब आणि डेटा देते. उत्तर प्रदेशने २०२१ च्या डिसेंबरपासून महाविद्यालयीन मुलांना टॅब आणि स्मार्टफोन वाटले आहेत. काही घरांत थोरल्या भावाचा टॅब धाकटीकडे येतो. म्हणजे ऑगस्टमध्ये पहिल्या वर्षाचा वर्ग भरतो तेव्हा त्यातल्या काही दप्तरांत टॅब आधीच असतो, बंद. प्रवेश अर्जात जात, उत्पन्न, रक्तगट, सगळं विचारलं जातं; ‘तुमच्याकडे टॅब आहे का’ एवढं विचारलं जात नाही. ते विचारावं. वीस टॅब निघाले तर साठ मुलांचे वीस गट होतात, तिघांत एक. बलाच्या प्रकरणाचा पहिला तास घेणाऱ्या शिक्षकाने ट्रक आणि मोटारीचा प्रश्न फळ्यावर लिहावा, उत्तर लगेच सांगू नये, आणि घड्याळ लावून तीन मिनिटं वर्ग मुलांच्या ताब्यात द्यावा.